धाकटी वाढवली

माझा राग नाकावर असतो, याबद्दल माझ्या सासरचं आणि माहेरचं एकमत आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही. धुळ्याला आई म्हणायची, "हिला दोन शब्द बोला, तिसरा ऐकायला ही थांबत नाही." ते मी कधी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं, तर जळगावच्या एका उन्हाळ्यात एक साधा शब्द नीट वाचला असता, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बारा वर्षांच्या मेहनतीवर माझ्या हातून पाणी फिरायची वेळ आली नसती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मेहरूण तलावाच्या पलीकडे एका ट्रस्टचं लहानसं कापूस संशोधन केंद्र होतं, तिथे मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. विभागात मी एकटीच, त्यामुळे प्रमुखही मीच आणि धूळ पुसणारीही मीच. आमची यंत्रं बियाण्यांच्या थंड खोलीच्या बाहेरच्या भागात ठेवली होती, कारण सगळ्या केंद्रात वातानुकूलन तेवढ्याच जागी होतं. खुद्द सरांच्या, म्हणजे आमच्या मुख्य शास्त्रज्ञांच्या केबिनमध्येही कूलरच होता. जळगावच्या वैशाखात बी आणि कॉम्प्युटर यांची बडदास्त माणसांपेक्षा जास्त, असं आम्ही म्हणायचो.

यंत्रं तीन होती. पुण्याच्या दोन इंजिनियरांनी ती अशी जोडून दिली होती की प्रत्येक फाइल तिघींपैकी दोघींकडे असायची. कोणत्या दोघींकडे, ते त्या आपसांत ठरवत. एक बिघडली तरी माहिती बुडू नये, हा त्यातला मतलब. मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत असे. पुण्याच्या मंडळींनी जाताना दोन पानं इंग्रजी सूचना दिल्या होत्या, त्यांचं मी एक पान मराठी करून भिंतीवर लावलं. यंत्र बंद करण्याला मी शब्द घातला उतरवणे, आणि सुरू करण्याला चढवणे. आपल्या शब्दांवर मी फार खूष होते.

उतरवायची रीत सोपी होती, पण तिच्यात घाई चालत नसे. आधी बाकीच्या दोघींना कळवायचं की ही आता निघाली. मग हातातलं काम पुरं होऊ द्यायचं, जे काही स्मरणात आहे ते तिने डिस्कवर लिहून घ्यायचं, आणि "आता वीज काढा" असं पडद्यावर आलं की मगच बटणाला हात लावायचा. चढवल्यावर ती आपण नसताना काय काय बदललं ते दोघींना विचारत बसायची. कधी तासभर, कधी तीन तास. ते पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा सर्वांत मोठा नियम. दोघी एकदम गेल्या तर उरलेली एकटी कुणालाच काही दाखवत नसे.

हा नियम मी आमच्या स्टोअरकीपर काकांना समजावत होते तेव्हा ते म्हणाले, "आखाजीसारखं आहे हे. एक सून माहेरी गेली तर ती परत येऊन पदर खोचेपर्यंत दुसरीने झोळी भरायची नाही. नाहीतर घरात पाणी कोण तापवणार?" आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, सुना माहेरी जायचा सण. काका मूळचे मारवाडी, धुळ्याच्या पाचकंदिलाजवळ त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर ते जळगावला आले आणि गजाऐवजी बियाण्यांच्या पाकिटांना त्यांचा हात लागला. थंड खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि यंत्रांची वहीही. कोण आलं, काय केलं, किती वाजता, हे त्या वहीत लिहायचं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं.

आता त्या पाकिटांबद्दल सांगायला हवं. दर वर्षी वेगवेगळ्या वाणांची सरकी आमच्याकडे चाचणीला यायची. मोजमाप घेणाऱ्याने कुणाला झुकतं माप देऊ नये म्हणून पाकिटावर नाव नसे, नुसता आकडा. दोनशे चाळीस पाकिटं, दोनशे चाळीस आकडे. आकडे यंत्र ठरवायचं, चिठ्ठ्या उचलल्यासारखे. कोणता आकडा म्हणजे कुणाचं बी, ती यादी फक्त यंत्रांत असायची. तिला आम्ही किल्ली म्हणत असू. ती कागदावर छापायची नाही असा सरांचा दंडक होता, आणि ती उघडायचा अधिकार सर सोडले तर माझ्याकडे होता. एरवी तिची एक प्रत टेपवर काढून ठेवलेली असे, पण टेपचं यंत्र दिवाळीपासून मुंबईला दुरुस्तीला जाऊन पडलं होतं. मी दर महिन्याला "आणायला हवं" म्हणत होते.

त्या दोनशे चाळीसांत एक बी नानांचं होतं. नाना धरणगावकडच्या एका खेड्यातले, सत्तरीला टेकलेले. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या शेतातला सगळा कापूस किडीने खाल्ला, आणि मधोमध एक झाड मात्र बोंडांनी लगडून उभं राहिलं. नानांनी त्या झाडाची सरकी हाताने सोलून काढली, पुढच्या वर्षी वेगळी लावली, त्यातली चांगली झाडं निवडली, आणि हे असं नऊ वर्षं केलं. गावाने वेडा म्हटलं. मग ते बी घेऊन ते एस.टी.ने आमच्या दारात आले. चाचणी तीन हंगामांची. ही तिसरी आणि शेवटची पेरणी होती, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. यात टिकलं तर वाण म्हणून पुढे जाणार. आणि नानांच्या घरी आता त्या बियाचा दाणाही नव्हता. मागच्या वर्षी त्यांच्या पुतण्याने नजरचुकीने घरातला सगळा कापूस एकत्र करून जिनिंगला नेऊन घातला होता. जे काही उरलं होतं ते आमच्या थंड खोलीत, एका आकड्याखाली.

आखाजीला तीन दिवस होते. यंत्रांत काळ्या मातीची इतकी धूळ गेली होती की ती धापा टाकल्यासारखी वाजायची. पेरणीच्या गडबडीत एखादी बसू नये म्हणून एकेक उतरवून, उघडून, साफ करून चढवायचं मी ठरवलं. सकाळी थोरली झाली. दुपारी दोनला धाकटी साफ करून चढवली, आणि ती बंद होती त्या वेळचं विचारत बसली. मला तीनची धुळ्याची गाडी गाठायची होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या डोळ्याची पट्टी सोडायची होती. काकांना म्हटलं, "हिचं पूर्ण झालं की वहीत लिहा. मी उद्या येऊन मधली करते."

आईची पट्टी सुटली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "किती वाळलीस गं." माझं वजन त्या वर्षी चांगलं वाढलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दिसतंय ना नीट?" मी म्हटलं, "आईला दिसतं तेवढं दिसतंय." आनंदाने माझे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी मी परतीची गाडी पकडली. पारोळ्याला गाडीचं चाक पंक्चर झालं. आनंद तिथेच उतरला आणि राग वर चढला. केंद्रावर पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते, डोक्यावर ऊन आणि डोक्यात पारोळा.

स्टोअरला काका नव्हते. शिपायाने खोलीची किल्ली दिली, म्हणाला, "काका बाजारात गेलेत." माझी वाट न पाहता ऐन कामाच्या दिवशी बाजारात! मी वही उघडली. मोत्यासारख्या अक्षरात शेवटची नोंद होती:

धाकटी वाढवली. सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे.

म्हणजे धाकटीचं सगळं झालं, ती वर आली, असं मी समजले. वाढवली म्हणजे चढवली. भिंतीवर डोळ्यांसमोर कागद असताना काकांना शब्द आठवू नये याचा मला इतका राग आला की मी लाल पेनने त्या ओळीखाली लिहिलं: "चढवली असे लिहावे." आणि मधलीपुढे जाऊन बसले.

तिघींमध्ये पडदा एकच होता. बाजूचा खटका फिरवून जी हवी ती पाहायची. मी खटका मधलीवर केला आणि तिला उतरायला सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं, सगळे सोबती हजर नाहीत, तरी पुढे जाऊ का? टेपचं यंत्रही सोबतीच मानलेलं, त्यामुळे ते मुंबईला गेल्यापासून कुठलंही काम सांगितलं की ही सूचना रोजच यायची. मी रोज "हो" म्हणायचे, तसं तेव्हाही म्हटलं. धाकटीकडे एकदा खटका फिरवून बघायला मला दोन सेकंदं लागली असती. त्या दिवशी तेवढीही सवड मला नव्हती.

मधली शहाण्यासारखी उतरली. मी तिला उघडलं, ब्रशने साफ केलं, झाकण लावलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा नाही, आवाज नाही. दोन वर्षं ती एकदाही बंद झाली नव्हती. चालत होती तोवर तिच्या पॉवर सप्लायने दम धरला, आणि ती थांबली तेव्हा तो पुन्हा उठला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, दोघी आहेत. खटका थोरलीवर केला. पडद्यावर आलं की मी एकटी आहे, फाइली उघडणार नाही. मी चिडून खटका धाकटीवर केला. काळा पडदा. हात लांब करून मी धाकटीच्या पाठीवर ठेवला. ती गार होती.

थोरलीने फाइली दाखवल्या नाहीत तरी कोणती फाइल कुणाकडे आहे ती सूची ती दाखवत असे. मी किल्ली शोधली. तिच्यापुढे लिहिलं होतं: मधली, धाकटी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "राम राम व माय! मन्हं बी बरं शे ना?"

नानाच होते. पेरणीच्या आधी आपलं बी ज्या खोलीत आहे ती खोली तरी डोळ्यांनी बघावी म्हणून सकाळची कामं आटोपून एस.टी.ने आले होते. डोक्याला पांढरं उपरणं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या क्षणी तर मुळीच आलं नसतं. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन यंत्रं बंद आहेत, तिसरं दार लावून बसलंय, आणि कोणतं पाकीट कुणाचं ते आज कुणालाच सांगता येत नाही. कदाचित यापुढेही येणार नाही.

नाना उठून थंड खोलीच्या बंद दारापाशी गेले. मग म्हणाले, "म्हंजे मन्हं बी मधमा शे, पन ते कोन्तं, ते कोनलेच मालूम नही."

"हो नाना."

"बी तं शे ना? मंग सापडी." असं म्हणून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. पण उपरणं तोंडावरून लवकर खाली आलं नाही. मला वाटलं, यांनी मला शिव्या द्याव्यात. बारा वर्षं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, सहा महिन्यांचा कोर्स केलेली, आणि त्यांची बारा वर्षं एका "हो"वर घालवून बसले होते.

त्याच वेळी काका घामाघूम होऊन आत आले. काखेत एक खोकं. "ताई, आलात? बाजार पालथा घातला. हा एवढाच मिळाला." खोक्यात एक लहान पंखा होता, टेबलावर ठेवायचा, निळ्या पात्यांचा.

माझा सगळा राग तयारच होता, त्याला वाट मिळाली. "काका, तुम्ही वहीत काय लिहिलंत? धाकटी बंद आहे! तुम्ही लिहिलंय वाढवली!"

"वाढवली ना. काल पाच वाजता तिचा आतला पंखा अडकला. जळका वास यायला लागला. तुमचा फोन नाही, सर हैदराबादला. मग तुमच्या कागदावर बोट ठेवून एकेक ओळ केली आणि वाढवली."

"वाढवली म्हणजे?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "वाढवली म्हणजे वाढवली. संध्याकाळी दुकान वाढवतात तशी."

बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, नारळ फोडला की वाढवला म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. पाचकंदिलावरचे दुकानदार फळ्या लावताना "वाढवा रे आता" म्हणायचे, तेही माझ्या कानांवरून शंभरदा गेलं असेल. पण कॉम्प्युटरच्या वहीत तो शब्द भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मग बंद केली असं सरळ लिहायचं!"

"चालत्या घराला बंद म्हणू?"

"मग उतरवली लिहायचं! भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय!"

काकांनी खोकं खाली ठेवलं. म्हणाले, "उतरवतात ते मरणाऱ्याला, ताई. खाटेवरून जमिनीवर. गेल्या साली धुळ्याच्या दुकानातल्या मोठ्या भावाला मी या हातांनी उतरवलं. तो शब्द माझ्या हातून लिहवेना. ही तर परत उठायची होती."

वही उघडीच होती आणि त्यांच्या ओळीखालची माझी लाल अक्षरं तिथून दिसत होती. काकांनीही ती पाहिली. मला लाज वाटली, इतकी की त्यांच्या तोंडाकडे बघवेना. शब्द मी निवडला होता, तोही कुणाला न विचारता, आणि वर त्यांनाच दुरुस्त करत होते. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." हे तीन शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत. घरी सांगितलं तर अजूनही कुणी विश्वास ठेवत नाही.

बोलता बोलता एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. "काका, तुम्ही सगळ्या ओळी केल्या? बाकीच्या दोघींना कळवलंत?"

"कळवलं."

"आणि 'आता वीज काढा' येईपर्यंत थांबलात?"

"चार मिनिटं. वास येत होता, मी नाकाला रुमाल लावून उभा. पण तुम्ही लिहिलंय ना, आल्याशिवाय हात लावू नये."

घाबरून त्यांनी नुसतं बटण दाबलं असतं, तर अर्धवट लिहिलेल्या डिस्कवर माझा भरवसा राहिला नसता. पण काकांनी धाकटी वाढवली होती, म्हणजे दुकान वाढवतात तशी: माल आत, गाठोडी बांधलेली, कुलूप लावलेलं. तिच्याजवळ होतं ते सगळं जागच्या जागी असणार होतं. तिला हवा होता फक्त एक पंखा.

निळ्या पात्यांचा पंखा काही तिच्या पोटात मावणारा नव्हता. पण शेजारी मधली होती. तिचा पॉवर सप्लाय गेला होता, पंखा नाही. मी दोघींची झाकणं काढली. स्क्रू फार बारीक होते. दुसरा स्क्रू खाली पडला तेव्हा नानांनी तो फरशीवरून वेचला, उपरण्याच्या टोकाला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बारा वर्षं सरकी सोलणारी बोटं, त्यांना तो लगेच सापडला. मधलीचा पंखा धाकटीत बसला. काकांनी निळा पंखा तरीही चालू केला आणि तिच्या उघड्या बाजूला वारा घालत ठेवला. म्हणाले, "आणलाय तर लागू दे कामी."

बटण दाबायच्या आधी मी थांबले. काका हात जोडून उभे राहिले. मी कधी यंत्रापुढे हात जोडत नाही, पण त्या दिवशी मनात जोडले. बटण दाबलं. एक सेकंद काही झालं नाही, आणि मग पंखा फिरला.

धाकटी उठली. तिने थोरलीला हाक दिली, थोरलीने ओ दिली. दोघी झाल्यावर थोरलीचं दार उघडलं. पण धाकटी काल अर्ध्यावर थांबली होती, त्यामुळे तिच्याकडच्या प्रत्येक फाइलीवर तिने शंकेची खूण केली होती, आणि आता ती एकेक फाइल थोरलीच्या सूचीशी ताडून खूण पुसत होती. किल्ली अजून शंकेतच होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. काका म्हणाले, "माहेराहून आलेली आहे, बसू दे तिला जरा."

नानांनी भाकरीचं फडकं सोडलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. तिघांनी यंत्राच्या आवाजात खाल्लं. नानांनी त्यांच्या झाडाची गोष्ट पुन्हा सांगितली. मी ती पाच वेळा ऐकलेली होती, पण त्या दिवशी मी मध्ये एकदाही बोलले नाही. सव्वा तासाने पडद्यावरची शेवटची खूण पुसली गेली आणि खाली आलं: पूर्ण.

मी किल्ली उघडली. दोनशे चाळीस ओळी. सगळ्या. मी मोठ्याने हसले आणि हसता हसता रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. सरळ खाली सरकत गेले, नानांचं नाव सापडलं, त्यापुढे आकडा. मी वळून म्हटलं, "नाना, आहे! तुमचं बी आहे!" आणि आकडा ओठांवर आलाच होता.

नानांनी पडद्याकडे पाठ केली होती. "माले नको सांगू, माय. सांगशी तं मन्हं मन तठेच जाई बसी. चाचनी शे ना? चोखी व्हऊ दे."

मी ओठ मिटले. किल्ली बंद केली, आणि पहिलं काम म्हणजे तिची एक प्रत फ्लॉपीवर काढून काकांच्या तिजोरीत ठेवली. सरांना दोन दिवसांनी सगळं सांगितलं. ते रागावले, मग म्हणाले, "दंडक माझाच वेडा होता. एक प्रत बाहेर हवीच होती." मधलीचा पॉवर सप्लाय नाशिकहून यायला पंधरा दिवस लागले. भिंतीवरचा कागद मी नव्याने लिहिला, या वेळी काकांना समोर बसवून. बंद करण्याला वाढवणे, सुरू करण्याला मांडणे, दुकान मांडतात तसं. आणि सगळ्यांत वर एक ओळ: वहीवर भिस्त ठेवू नये, तिघींच्या पाठीला हात लावून पाहावा. पुण्याच्या इंजिनियरांनी पुढे तो कागद पाहिला तेव्हा ते खूप हसले, पण एक प्रत मागून घेऊन गेले.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पेरणी झाली. दोनशे चाळीस ओळी, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर खुंटी आणि खुंटीवर आकडा. नाना दर आठवड्याच्या बाजाराला जळगावला येत आणि प्लॉटवर चक्कर टाकत. प्रत्येक ओळीत शिरत, पानं उलटून पाहत, कुणाच्याही बियाचं झाड असो.

श्रावणात एकदा मी त्यांच्याबरोबर निघाले. झाडं कमरेला लागली होती. आम्ही एकेक ओळ ओलांडत चाललो होतो, आणि त्यांचा आकडा जवळ येऊ लागला तशी माझी पंचाईत झाली. त्या ओळीकडे पाहिलं तर माझा चेहरा सांगणार. माझ्या चेहऱ्यावर काही राहत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मान वर केली आणि त्या ओळीपाशी येईपर्यंत आणि ती ओलांडेपर्यंत ढगांकडे पाहत राहिले.

नाना थांबले. "आभाळमा काय देखी ऱ्हायनी व माय?"

"पाऊस येतो का बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे पाहिलं, आणि तोंडावर उपरणं धरून हसू लागले. "कळनं माले," म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. त्यांनी त्या ओळीत टाकायला उचललेलं पाऊल मागे घेतलं आणि शेजारच्या ओळीत शिरले. त्यानंतर पुढचे तीन महिने ते दर आठवड्याला आले, दोनशे एकोणचाळीस ओळींत फिरले, त्यांची पानं उलटून पाहिली, कुठे कीड दिसली तर आमच्या माणसांना हाक मारून दाखवली. त्या एका ओळीत मात्र त्यांनी पाय ठेवला नाही. पहिल्या वेचणीनंतर सरांनी प्लॉटवरच सगळ्यांसमोर किल्ली वाचली आणि पुढे जाणाऱ्या चार वाणांत नानांचं नाव घेतलं, तेव्हा नानांनी चपला बांधावर काढून ठेवल्या आणि ते आपल्या ओळीत गेले.